इसेन्शियल ट्रेमरसाठी डीबीएस : मेंदूतील नेमकी जागा कशी शोधतात?

चहाचा कप तोंडाशी नेईपर्यंत निम्मा चहा बशीत सांडतो. चेकवरची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळत नाही. लग्नकार्यात चारचौघांसमोर जेवायला बसणे नकोसे होते. गोळ्या वाढवूनही हात थांबत नाहीत, तेव्हा न्यूरोलॉजिस्ट 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' म्हणजेच डीबीएस शस्त्रक्रियेचा पर्याय सुचवतात. मेंदूत तार बसवायची हे ऐकून घरचे सगळेच घाबरतात. ही तार नेमकी कुठे बसवतात, ती जागा कशी शोधतात आणि ती शोधण्यात रुग्णाचा स्वतःचा वाटा किती असतो, याची माहिती या लेखात दिली आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

• डीबीएसचे यश बऱ्याच अंशी तार किती अचूक जागी बसली यावर अवलंबून असते. दोन-तीन मिलिमीटरचा फरकही जाणवतो.
• इसेन्शियल ट्रेमरमध्ये मुख्य लक्ष्य म्हणजे थॅलॅमसमधील 'व्हिम' हा भाग.
• हा भाग नेहमीच्या एमआरआयवर स्पष्ट दिसत नाही. म्हणून मोजमापे, मेंदूतील पेशींचे संकेत आणि रुग्णाला येणारा अनुभव यांच्या मदतीने तो शोधतात.
• शस्त्रक्रिया जागेपणी होत असेल, तर तुम्हाला जे जाणवते ते स्पष्ट सांगणे हा तपासणीचाच भाग असतो.

आधी निदान पक्के हवे

हात थरथरू लागला की आपल्याकडे सरसकट 'कंपवात झाला' असे म्हणतात. कंपवात म्हणजे पार्किन्सन. इसेन्शियल ट्रेमर हा वेगळा आजार आहे. पार्किन्सनमध्ये हात मांडीवर स्वस्थ ठेवलेला असताना कंप जास्त दिसतो. त्याबरोबर हालचाली मंदावतात आणि अंग ताठर होते. इसेन्शियल ट्रेमरमध्ये हात कामाला लागला की कंप वाढतो : लिहिताना, घास घेताना, पाणी ओतताना. तो बहुतेक वेळा दोन्ही हातांत असतो. काहींची मान हलते, काहींचा आवाज कापतो. अनेक कुटुंबांत आई-वडील, काका किंवा भावंडांनाही असाच त्रास असतो.

हा फरक शस्त्रक्रियेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही आजारांत तार बसवण्याची जागा सहसा वेगळी असते. व्हिममधील तारेमुळे कंप कमी होतो, पण पार्किन्सनमधील मंदपणा आणि ताठरपणा कमी होत नाही. म्हणून पार्किन्सनमध्ये बहुतेक वेळा मेंदूतील दुसरे भाग निवडतात. निदानच चुकले, तर तार ठरवलेल्या जागी अचूक बसूनही उपयोग होणार नाही. थायरॉइडचा आजार आणि काही औषधे यांमुळेही हात थरथरतात. त्यामुळे हालचालींच्या आजारांचा अनुभव असलेल्या न्यूरोलॉजिस्टकडून निदानाची खात्री करून घ्या. प्रोप्रॅनोलॉल आणि प्रिमिडोन ही या आजारातील मुख्य औषधे आहेत. ती पुरेशा मात्रेत घेऊनही रोजची कामे अडत असतील किंवा ती सोसत नसतील, तरच शस्त्रक्रियेचा विचार करतात.

डीबीएसमध्ये काय करतात?

मेंदूच्या खोल भागात सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीची तार बसवतात. तिच्या टोकाजवळ विजेचे संपर्कबिंदू असतात. नेहमीच्या तारेत असे चार बिंदू असतात आणि प्रत्येकाची उंची साधारण दीड मिलिमीटर असते. ही तार त्वचेखालून मानेवाटे छातीपर्यंत आणतात आणि कॉलरबोनच्या खाली बसवलेल्या बॅटरीला जोडतात. हृदयाच्या पेसमेकरसारखीच ही रचना असते. बॅटरीतून सेकंदाला सुमारे १३० किंवा त्याहून अधिक वेळा विजेचे सूक्ष्म स्पंद जातात. कंप निर्माण करणारी मेंदूतील लय त्यामुळे मोडते.

यापूर्वी अशा रुग्णांत थॅलॅमसमधील तो छोटा भाग उष्णतेने निकामी करत असत. निकामी करण्याआधी जागा बरोबर आहे का हे पाहण्यासाठी तिथे वीज देऊन बघत. जलद गतीने वीज दिली की कंप तिथल्या तिथे थांबतो, हे फ्रान्समधील ग्रनोबल येथील न्यूरोसर्जन आलिम लुई बेनाबिद यांच्या लक्षात आले. मग भाग जाळण्याऐवजी तारच आत ठेवावी, हा मार्ग त्यांनी आणि न्यूरोलॉजिस्ट पिएर पोलाक यांनी १९८७ मध्ये पुढे आणला. अमेरिकेत १९९७ मध्ये कंपासाठी या उपचाराला मान्यता मिळाली. यात मेंदूचा भाग मुद्दाम नष्ट करत नाहीत आणि विजेचे प्रमाण नंतर कमी-जास्त करता येते, हा मोठा फायदा आहे.

लक्ष्य व्हिमच का?

हाताची हालचाल नेमकी आणि सुरळीत व्हावी यासाठी लहान मेंदू सतत सूचना पाठवत असतो. या सूचना मेंदूच्या मध्यभागी असलेल्या थॅलॅमसमध्ये येतात आणि तिथून हालचालींचे नियंत्रण करणाऱ्या बाह्य भागाकडे जातात. इसेन्शियल ट्रेमरमध्ये या मार्गावर एक चुकीची लय फिरत राहते. थॅलॅमस हे या मार्गावरचे जंक्शन समजा. लहान मेंदूकडून येणारी गाडी या जंक्शनच्या ज्या फलाटावर लागते, तो भाग म्हणजे व्हेंट्रल इंटरमीडिएट न्यूक्लियस, संक्षेपात व्हिम.

व्हिम अवघा काही मिलिमीटरचा आहे. त्यातही चेहरा, हात आणि पाय यांच्या जागा वेगवेगळ्या असतात. चेहऱ्याची जागा मध्यरेषेकडे, पायाची बाहेरच्या बाजूला आणि हाताची त्या दोघांच्या मध्ये असते. शिवाय मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूचे नियंत्रण करते. म्हणून उजव्या हाताच्या कंपासाठी तार डाव्या थॅलॅमसमध्ये बसवतात.

अलीकडे अनेक सर्जन व्हिमच्या किंचित खालच्या भागाचाही विचार करतात. लहान मेंदूकडून येणारे तंतू व्हिममध्ये शिरण्याआधी तिथे एकत्र असतात. त्यामुळे तिथे कमी विजेतही कंप थांबू शकतो. काही वेळा वरचे संपर्कबिंदू व्हिममध्ये आणि खालचे या तंतूंजवळ येतील अशा बेताने एकच तार बसवतात. कोणता बिंदू वापरायचा हे नंतर ठरवता येते.

दोन मिलिमीटरचा फरक एवढा महत्त्वाचा का?

कारण व्हिमच्या चारही बाजूंना महत्त्वाची कामे करणारे भाग आहेत.

• तार थोडी मागे बसली, तर स्पर्शज्ञानाचा भाग उत्तेजित होतो. बोटांत, ओठांत मुंग्या येतात आणि त्या थांबत नाहीत.
• थोडी बाहेरच्या बाजूला बसली, तर मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या तंतूंच्या जाड पट्ट्यापर्यंत वीज पोहोचते. तोंड एका बाजूला ओढले जाते, हात आखडतो, बोलणे जड होते.
• फार आत किंवा फार खाली गेली, तर तोल जाऊ शकतो, हालचाली बेढब होतात किंवा जीभ अडखळते.
• फार पुढे राहिली, तर दुष्परिणाम होत नाहीत, पण कंपही पुरेसा थांबत नाही.

म्हणजेच हात थांबवणारी जागा आणि बोलणे बिघडवणारी जागा एकमेकींच्या अगदी शेजारी आहेत. तार किंचित चुकीच्या ठिकाणी असेल, तर कंप थांबवण्याइतकी वीज दिली की बोलणे बिघडते आणि बोलणे सांभाळायला वीज कमी केली की हात पुन्हा कापतो. तार योग्य जागी असेल, तर कंप कमी विजेत थांबतो आणि दुष्परिणाम बऱ्याच जास्त विजेवर सुरू होतात. या दोन पातळ्यांमध्ये जितके अंतर जास्त, तितके पुढची अनेक वर्षे उपचार सोपे जातात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर सर्जन हे अंतरच पुन्हा पुन्हा तपासत असतात.

न दिसणारी जागा कशी शोधतात?

पहिली पायरी : नकाशा. नेहमीच्या एमआरआयवर थॅलॅमस दिसतो, पण त्यातील व्हिमच्या सीमा वेगळ्या ओळखू येत नाहीत. म्हणून सर्जन आसपासच्या पक्क्या खुणा धरतात. मेंदूच्या दोन बाजूंना जोडणाऱ्या तंतूंच्या दोन लहान जुड्या असतात, एक पुढे आणि एक मागे. त्या एमआरआयवर स्वच्छ दिसतात. त्यांना जोडणारी काल्पनिक रेषा साधारण अडीच सेंटिमीटर लांबीची भरते. मागच्या जुडीपासून या रेषेच्या सुमारे पाव अंतराइतके पुढे, मध्यरेषेपासून साधारण १४ मिलिमीटर बाहेर आणि रेषेच्याच पातळीवर, अशी व्हिमची पहिली अंदाजे जागा काढतात. पण प्रत्येकाचा मेंदू वेगळा असतो. वय वाढले की मेंदूतील पाण्याच्या पोकळ्या रुंदावतात आणि थॅलॅमस बाहेरच्या बाजूला सरकतो. त्यामुळे हे आकडे रुग्णानुसार बदलून घ्यावे लागतात. काही केंद्रांत विशेष एमआरआय करून लहान मेंदूकडून येणारे तंतू संगणकावर रेखाटतात आणि त्या आधारे लक्ष्य अधिक नेमके करतात.

दुसरी पायरी : फ्रेम. डोक्यावर धातूची चौकट बसवतात. कपाळावर दोन आणि मागे दोन ठिकाणी जागा बधिर करून स्क्रूने ती पक्की करतात. बसवताना काही मिनिटे दाब आणि थोडे दुखल्यासारखे जाणवते, नंतर ते कमी होते. फ्रेमसह सीटी स्कॅन करून तो आधीच्या एमआरआयवर संगणकात तंतोतंत जुळवतात. आता मेंदूतील प्रत्येक बिंदूला फ्रेमवरचे मोजमाप मिळते. काही ठिकाणी फ्रेमऐवजी अन्य मार्गदर्शक यंत्रणा किंवा रोबोट वापरतात. तत्त्व तेच असते.

तिसरी पायरी : वाट ठरवणे. लक्ष्याइतकीच तिथपर्यंतची वाटही महत्त्वाची आहे. रक्तवाहिन्या दाखवणारा एमआरआय पाहून त्यांना आणि पाण्याच्या पोकळ्यांना टाळणारी वाट निवडतात. कवटीला पुढच्या भागात साधारण रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान छिद्र पाडतात. त्वचा बधिर केलेली असल्याने दुखत नाही, पण आवाज आणि कंपने जाणवतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाहीत.

चौथी पायरी : पेशींचे संकेत ऐकणे. अनेक केंद्रांत केसाइतके बारीक टोक असलेली सुई लक्ष्याकडे हळूहळू नेतात आणि वाटेतील पेशींचे विद्युतसंकेत ध्वनिक्षेपकावर ऐकतात. तुम्हाला खरखर ऐकू येईल. डॉक्टर तुमचे मनगट किंवा कोपर हलवतात. सांधा हलवल्यावर आवाज वाढला, तर सुई व्हिममध्ये असण्याची शक्यता जास्त. कधी कधी हाताच्या कंपाच्या तालातच पेशींचा आवाज येतो. बोटांना नुसता स्पर्श केल्यावर पेशी प्रतिसाद देऊ लागल्या, तर सुई मागच्या स्पर्शज्ञानाच्या भागात गेली असे समजते.

पाचवी पायरी : वीज देऊन पाहणे. शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची तपासणी हीच. थोडी थोडी वीज वाढवत तुम्हाला हात पुढे धरायला, कागदावर गोल गोल वेटोळे काढायला, पाण्याचा पेला तोंडाशी न्यायला सांगतात. वारांची नावे किंवा आकडे म्हणायला लावतात. कंप कमी झाला आणि दुष्परिणाम नाहीत, अशी खात्री पटली की तार तिथे पक्की करतात. नाही पटली, तर तार दोन मिलिमीटर इकडे-तिकडे करून पुन्हा पाहतात. तार हलवावी लागली याचा अर्थ काही चुकले असा नाही.

टेबलावर तुम्ही काय सांगायचे?

अनेक ज्येष्ठ रुग्ण डॉक्टरांना त्रास नको म्हणून 'ठीक आहे, ठीक आहे' म्हणत राहतात. इथे तसे करू नका. मुंग्या, जडपणा, चक्कर हे शब्द डॉक्टरांसाठी मोजपट्टीसारखे असतात. तुम्ही न सांगितलेली तक्रार पुढे घरी गेल्यावर रोज सोबत राहू शकते.

• मुंग्या आल्या, तर कुठे आल्या आणि काही सेकंदांत गेल्या की तशाच राहिल्या, ते सांगा. वीज सुरू होताना क्षणभर मुंग्या येणे नेहमीचे असते. टिकून राहणाऱ्या मुंग्या महत्त्वाच्या.
• जीभ जड वाटली, शब्द नीट उमटत नाही असे वाटले, तर लगेच सांगा. तुमचा आवाज तुम्हीच सर्वांत चांगला ओळखता.
• तोंड ओढले जाणे, हात आखडणे, गरगरणे, मळमळणे किंवा डोकेदुखी झाली, तरी सांगा.
• थकलात तर विश्रांती मागा. दमलेल्या रुग्णाची तपासणी विश्वासार्ह राहत नाही.

बोलण्याची तपासणी तुमच्या रोजच्या भाषेत झाली, तर बारीक फरकही कळतो. घरात फक्त मराठी बोलत असाल, तर पथकात मराठी समजणारे कोणी असेल का, हे आधीच विचारून ठेवा. ऐकण्याचे यंत्र किंवा चष्मा लागत असेल, तर तोही जवळ असू द्या. कंप स्पष्ट दिसावा म्हणून कंपाची औषधे आदल्या दिवसापासून कमी करायला सांगू शकतात. मात्र प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी स्वतःच्या मनाने अचानक बंद करू नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना आधीच सांगा.

पूर्ण भूल देऊन ही शस्त्रक्रिया होते का?

होते. काही केंद्रांत रुग्णाला पूर्ण झोपवून, शस्त्रक्रिया चालू असतानाच सीटी किंवा एमआरआय करून तार जागेवर बसली का ते पाहतात. जागेपणाची फार भीती वाटणाऱ्या किंवा बराच वेळ स्थिर झोपू न शकणाऱ्या रुग्णांना हा मार्ग सोयीचा पडतो. पण भुलेखाली कंप दिसत नाही आणि बोलणेही तपासता येत नाही. तिथे सगळा भर चित्रांवर आणि नियोजनावर असतो. तुमच्या सर्जनना कोणत्या पद्धतीचा अनुभव अधिक आहे, हे विचारणे योग्यच आहे.

एका बाजूला की दोन्ही बाजूंना?

अनेक रुग्णांत आधी ज्या हाताने काम करतात त्या हातासाठी, म्हणजे एकाच बाजूला तार बसवतात. जेवण, लिखाण, दाढी किंवा वेणीफणी एवढ्याने सुधारली, तर पुष्कळांना ते पुरते. दोन्ही बाजूंना तारा बसवल्यास दोन्ही हातांना फायदा होतो आणि मान किंवा आवाजाचा कंपही कमी होऊ शकतो. पण बोलणे अडखळण्याचा आणि तोल जाण्याचा धोका वाढतो. गायन, कीर्तन, शिकवणे किंवा वकिली अशा आवाजावर चालणाऱ्या कामात तुम्ही असाल, तर हा मुद्दा निर्णयाआधी मोकळेपणाने बोला.

शस्त्रक्रियेनंतर

तार नेमकी कुठे बसली हे पाहण्यासाठी नंतर सीटी स्कॅन करतात आणि तो आधीच्या एमआरआयशी जुळवतात. नुसती तार बसल्याने तिथे थोडी सूज येते आणि बॅटरी सुरू न करताही कंप काही दिवस ते काही आठवडे कमी राहतो. मग तो परत येतो. घरच्यांना वाटते ऑपरेशन फसले. तसे नसते. सूज ओसरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, प्रोग्रामिंग सुरू होते. कोणता संपर्कबिंदू, किती वीज, किती गती हे ठरवायला काही भेटी लागतात. नव्या प्रकारच्या तारांत वीज एका विशिष्ट दिशेला वळवता येते. त्यामुळे जागेतला थोडा फरक भरून काढता येतो. मोठा फरक असेल, तर तार पुन्हा बसवावी लागू शकते.

हाताचा कंप बहुतेकांत निम्म्याहून अधिक कमी होतो. पण डीबीएसने आजार मुळापासून बरा होत नाही. काही रुग्णांत काही वर्षांनी परिणाम कमी होतो आणि सेटिंग बदलावे लागते. बॅटरीची मुदत संपली की ती बदलावी लागते. तो खर्चही आधीच विचारात घ्या.

धोके कोणते?

मेंदूत त्रासदायक रक्तस्राव होण्याचा धोका सुमारे १ ते २ टक्के असतो. त्यातून कायमचा लकवा येऊ शकतो. काही रुग्णांत जंतुसंसर्ग होतो आणि क्वचित तार किंवा बॅटरी काढावी लागते. तार तुटणे किंवा सरकणेही शक्य असते. स्मरणशक्ती बरीच कमी झालेली असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल किंवा रक्त गोठण्याचा दोष असेल, तर डॉक्टर ही शस्त्रक्रिया टाळू शकतात. अशा वेळी औषधे किंवा अल्ट्रासाउंड किरण एकवटून थॅलॅमसवर करण्याच्या उपचाराचा विचार होतो. त्यातही लक्ष्य व्हिमच असते, पण त्यात केलेला बदल परत फिरवता येत नाही.

डीबीएस बसवल्यावर फिजिओथेरपीतील डायथर्मी हा शेक कधीही घेऊ नका. त्यामुळे तारेच्या टोकाशी मेंदूला गंभीर इजा होऊ शकते. कोणताही एमआरआय करण्यापूर्वी यंत्राचे कार्ड दाखवा.

सर्जनना विचारण्यासारखे प्रश्न

• माझे निदान इसेन्शियल ट्रेमरच आहे याची खात्री कशी केली?
• माझ्यासाठी कोणती जागा निवडली आहे आणि का?
• शस्त्रक्रिया जागेपणी होईल की भूल देऊन?
• तार जागेवर आहे हे त्याच दिवशी कसे तपासणार?
• तार चुकीच्या जागी बसल्याचे दिसले, तर पुढे काय करणार?
• प्रोग्रामिंग कोण करणार आणि त्यासाठी किती वेळा यावे लागेल?

पहिल्याच भेटीत हो किंवा नाही सांगण्याची घाई नसते. इसेन्शियल ट्रेमरमुळे जिवाला धोका नसतो, त्यामुळे विचार करायला, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला वेळ असतो. हाताच्या कोणत्या कामासाठी तुम्ही हे करत आहात, ते एका कागदावर लिहून घ्या : स्वतःच्या हाताने जेवणे, सही करणे, नातवाला भरवणे. ती यादी सर्जनना दाखवा. किती फायद्यासाठी किती धोका पत्करायचा, हे त्या यादीवरून तुम्हाला आणि डॉक्टरांना मिळून ठरवता येईल.

सूचना : हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधांत बदल किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय तुमच्या न्यूरोलॉजिस्ट आणि न्यूरोसर्जन यांच्या सल्ल्यानेच घ्या. शस्त्रक्रियेनंतर अचानक हात-पाय लुळे पडणे, फिट येणे, तीव्र डोकेदुखी, ताप किंवा जखमेतून पाणी येणे यांपैकी काहीही दिसल्यास लगेच रुग्णालयात जा.